जनाबाई बिचारी नव्हती

आषाढीची वारी एकादशीसाठी पंढरीत पोहोचते आणि पौर्णिमेस गोपाळपुरी गोपाळकाल्याने तिची सांगता होते. त्या गोपाळपुरात संत जनाबाईचे म्हणून एक जाते दाखविले जाते. मायबहिणी त्यास हात लावून नमस्कार करतात आणि पुढे सरकतात. त्या जात्यापाशी आम्हांस दरवर्षी आमच्याच तोंडून गेलेला एक शब्द आठवतो. आजच्या पुण्यदिनी त्याचीच कबुली वाचकांपुढे द्यावी असे मनात आहे.

गोष्ट १९९६ सालच्या आषाढीची. आम्ही तेव्हा छत्तिशीत होतो. वाणीस धार अधिक आणि विचारास खोली कमी, असे ते वय. उत्सवात आम्ही जनाबाईचे आख्यान लावले होते. गोदाकाठच्या गंगाखेडची पोर; परंपरेने तिच्या मातापित्यांची नावे करुंड आणि दमा अशी सांगितली आहेत. लहानपणीच ती पंढरीस दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवरायांच्या त्या घरात दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे यांत तिचे आयुष्य गेले. हे सांगताना श्रोत्यांचे डोळे ओले व्हावेत म्हणून आम्ही म्हणालो, “बिचारी जनी! ना पती, ना संसार, ना मागे कोणी, ना पुढे कोणी. म्हणून तर देवाला दया आली!” डोळे ओले झाले. आम्ही संतुष्ट झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई घरी आल्या. वय चाळिशीच्या पुढचे. एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात परिचारिका, विवाह झालेला नव्हता. दर आषाढीस रजा काढून येत. पाया पडून त्या म्हणाल्या, “बुवा, राग मानू नका. काल आपण जनाबाईंना बिचारी म्हणालात. मी वीस वर्षे रात्रपाळ्या केल्या. धाकट्या भावंडांचे शिक्षण केले. गावात माझ्या हातावर जन्मलेली मुले आहेत. तरी हळदीकुंकवाच्या ताटापुढे मी गेले की बायका एकमेकींकडे पाहतात. बिचारी हा शब्द मी घरीदारी ऐकते. देवळात तरी ऐकू नये, असे वाटले होते.” मग किंचित थांबून त्यांनी विचारले, “देवाला तिची दया आली, की तिची सोबत हवीशी वाटली?”

आम्हांपाशी उत्तर नव्हते. बाई गेल्या, आणि आम्ही पुन्हा गाथा उघडली.

तेव्हा ध्यानी आले, की जनाबाईच्या अभंगांत कष्ट आहेत, रुसवा आहे, प्रसंगी देवाशी भांडणही आहे. परंतु आपले आयुष्य अपुरे राहिले अशी कुरकुर आम्हांस आढळली नाही. विठ्ठलास ती माउलीच्या नात्याने हाक मारते. पदकाची कथा सर्वश्रुत आहे. देव आपले पदक तिच्या खोपटात विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळी परततो. चोरीचा आळ येतो जनीवर, कारण एकट्या, राबत्या बाईवर आळ घेणे सदैव सोपे असते! तिला सुळाकडे नेतात आणि सुळाचे पाणी होते. आम्ही इतकी वर्षे त्या चमत्कारावरच टाळ्या घेत होतो. देव तिच्या घरी येऊन बसत होता, दळू लागत होता, तिची फाटकी वाकळ त्यास उबदार वाटत होती, हा कथेचा गाभा आमच्या नजरेतून निसटला होता. दया करणारा मनुष्य दारातून काही देऊन परततो; सोबत हवी असणारा आत येऊन बसतो. बाईंचा प्रश्न यथार्थ होता.

कोणी म्हणेल, जनाबाई स्वतःस ‘नामयाची’ म्हणवितेच ना? म्हणजे तीही कोणाची तरी झालीच. होय, परंतु ही मुद्रा तिने आपल्या हाताने आपल्या अभंगावर उमटविली आहे. ज्या घरात नाम लाभले त्या घराचे ऋण ती मानते. आपण होऊन सांगितलेले नाते आणि दुसऱ्याने दरडावून विचारलेले नाते यांत महदंतर आहे.

हे अंतर महाभारतकारांस ठाऊक होते. शांतिपर्वातील मोक्षधर्मात भीष्माचार्य युधिष्ठिरास सुलभेचे आख्यान सांगतात. सुलभा क्षत्रियकुलातील, अनुरूप वर न मिळाल्याने मोक्षधर्माची दीक्षा घेऊन एकटी पृथ्वीपर्यटन करणारी. राज्य करीत असूनही मुक्त म्हणविणाऱ्या जनकाच्या सभेत ती येते. राजा विचारतो, तू कोण, कोणाची, कोठून आलीस? सुलभा दीर्घ, तर्कशुद्ध उत्तर देते. तिचा आशय असा, की ज्यास आपपर भेद उरला नाही, त्याच्या मुखी हा प्रश्न येतोच कसा? आख्यानाच्या शेवटी राजा निरुत्तर होतो. वर न मिळाल्याची गोष्ट सुलभा स्वमुखे सांगते, पण त्यात दैन्य नाही. जे घडले ते तिने आपलेसे केले आणि त्यातूनच आपला मार्ग काढला.

स्वतःचा स्वीकार म्हणतात तो हाच. मन मारून गप्प बसणे म्हणजे स्वीकार नव्हे. हळदीकुंकवाच्या ताटापुढचा अपमान सोसावा, असेही आम्ही सांगणार नाही. तो अपमान थांबविणे हे ताट धरणाऱ्या हातांचे कर्तव्य आहे. परंतु जात्याच्या प्रत्येक फेऱ्यास नामाची जोड देऊन जनाबाईने जे साधले, ते रुग्णशय्येपाशी जागणाऱ्या, फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या, कचेरीत मान मोडून काम करणाऱ्या एकट्या स्त्रीसही साधते. काम हाच तिचा संसार, असे म्हणून आम्ही तिची बोळवण करीत नाही. तिचे आयुष्य कोणत्याही उपमेवाचून पूर्ण असू शकते, इतकेच म्हणतो.

पुढल्या वर्षी आम्ही तेच आख्यान पुन्हा लावले. ‘बिचारी’ हा शब्द गाळला आणि बाईंचा प्रश्न उत्तररंगात श्रोत्यांस जसाच्या तसा विचारला. त्या मागच्या खांबाशी बसल्या होत्या. आरतीनंतर बुक्का लावून घ्यावयास आल्या, तेव्हा म्हणाल्या, “बुवा, आज झोप चांगली लागेल.”

आज आपल्या घरी उपवासाचे ताट वाढताना एखादी अविवाहित आत्या, मावशी वा भगिनी पंगतीत असेल. तिला कोणाची म्हणून विचारू नये. दिवस कसा गेला, इतके विचारावे आणि तिच्याशेजारी बसावे. पांडुरंगाने जनीपाशी हेच केले होते.