जपानी गोंदणातला ड्रॅगन
जपानी गोंदणातला ड्रॅगन हा पाण्याचा देव आहे. युरोपातल्या कथांमध्ये ड्रॅगन आग ओकतो, खजिन्यावर ठाण मांडतो आणि अखेर एखाद्या वीराच्या हातून मरतो. जपानी ‘र्‍यू’ समुद्रात, नद्यांत आणि ढगांत राहतो, पाऊस पाडतो आणि भक्तांचे रक्षण करतो. तो कोपला तर वादळ आणि पूर येतात. म्हणून त्याच्याविषयी भक्ती असते तसा धाकही असतो.

या कल्पनेची मुळे चीनमध्ये आहेत आणि भारतातही आहेत. बौद्ध धर्माबरोबर भारतीय नाग चीनमार्गे जपानला पोहोचले आणि ड्रॅगनशी एकरूप झाले. सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या आठ नागराजांना जपानमध्ये आठ ड्रॅगनराजे म्हणतात. त्यांत वासुकी आणि तक्षकही आहेत. ड्रॅगनच्या पंजात अनेकदा दिसणारा तेजस्वी गोल मणी म्हणजे इच्छापूर्ती करणारा चिंतामणीच.

चिनी परंपरेनुसार ड्रॅगनचे शरीर अनेक प्राण्यांचे मिळून बनते: उंटाचे डोके, हरणाची शिंगे, सापाची मान, कार्प माशाचे खवले, गरुडाची नखे, वाघाचे पंजे. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणचे बळ त्याच्यात एकवटलेले असते. चीनच्या बादशाही ड्रॅगनच्या पंजाला पाच नखे असतात, जपानी ड्रॅगनला बहुधा तीन.

हे चित्र माणसांच्या अंगावर मोठ्या प्रमाणावर उतरले ते एदो काळात, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत. १८२७ च्या सुमारास उतागावा कुनियोशी या चित्रकाराने ‘सुइकोदेन’ या चिनी कथेतल्या १०८ बंडखोर वीरांची ठसाचित्रे काढायला सुरुवात केली. त्यांतल्या शिशिन या वीराच्या अंगावर नऊ ड्रॅगन गोंदलेले होते. ही चित्रे अतिशय गाजली आणि कारागीर, मजूर, हमाल तशीच गोंदणे करून घेऊ लागले. लाकडी घरांच्या या शहराला आगीची सतत भीती असे. आग विझवणाऱ्या जवानांनी पाण्याच्या या देवाला पाठीवर घेतले. त्यांच्या जाड, शिवणीच्या अंगरख्यांच्या आतल्या बाजूलाही अनेकदा ड्रॅगन रंगवलेला असे.

गोंदणातल्या ड्रॅगनचा अर्थ त्याच्या सोबतीवरून लागतो. वर झेपावणारा ड्रॅगन उत्कर्ष सुचवतो. धबधबा चढणारा कार्प मासा सोबत असेल, तर चिकाटीने लढणारा साधा मासाही ड्रॅगन होतो, ही चिनी आख्यायिका त्यातून सांगितलेली असते. समोर वाघ असला, तर आकाश आणि पृथ्वीची शक्ती एकमेकींना तोलून धरते. तलवारीला विळखा घालणारा ड्रॅगन म्हणजे ‘कुरिकारा’. ती तलवार फुदो म्योओची, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या अचल या उग्र रक्षकाची; ती अज्ञान छेदते. हे चित्र इतके रूढ झाले की पाठभर गोंदणालाच बोलीत ‘कुरिकारा मोनमोन’ म्हणू लागले. भोवतीच्या लाटा, ढग आणि वाऱ्याचे काळे पट्टे ड्रॅगनचे घर दाखवतात. पारंपरिक ‘तेबोरी’ पद्धतीत गोंदणकार दांड्याला बांधलेल्या सुया हाताने टोचत हे सारे रेखाटतो. पाठभर काम पुरे व्हायला अनेक महिने, कधी वर्षेही लागतात.

१८७२ मध्ये मेइजी सरकारने गोंदणावर बंदी घातली. परदेशी पाहुणे मात्र जपानी गोंदणकारांकडे येत राहिले. पुढे ब्रिटनचे राजे झालेले पाचवे जॉर्ज यांनी १८८१ मध्ये आणि रशियाचे भावी झार निकोलस यांनी १८९१ मध्ये हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. १९४८ मध्ये बंदी उठली; तरी याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडले गेलेले नाते पुसले गेले नाही. गोंदण हे वैद्यकीय काम नसल्याने त्यासाठी डॉक्टरचा परवाना लागत नाही, असे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. गरम पाण्याच्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना आजही प्रवेश मिळत नाही. छातीच्या मधोमध कोरी पट्टी सोडून किमोनोखाली गोंदण झाकण्याची जुनी रीत आहे. अग्निशमन जवानांच्या अंगरख्याच्या अस्तरावर होता तसाच हा ड्रॅगन आजही बहुतेकदा कपड्यांच्या आतच राहतो आणि ज्याच्या अंगावर आहे त्याचीच सोबत करतो.