जुने पुस्तक घ्या, पण औषधाचे पान नवे वाचा

मुलगी नर्सिंगला किंवा डीएमएलटीला लागली की घरात पुस्तकांचा प्रश्न येतो. यादीत मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र असते. दुकानदार जाडजूड पुस्तक पुढे करतो, सीनियर गाइड देतात, मोबाइलवर व्हिडिओंची रांग लागते. पैसे मात्र मोजकेच असतात. मग घ्यायचे काय?

आम्ही डिप्लोमा करतानाची वही अजून जपून ठेवली आहे. क्षयाचा जंतू कसा दिसतो, थुंकीची काच कशी रंगवतात, खोकल्यातून जंतू हवेत कसा पसरतो, हे त्यात लिहिलेले आजही बरोबर आहे. पण औषधाच्या पानावर ‘आठवड्यातून तीन वेळा’ असे लिहिले आहे. तेव्हा सरकारी कार्यक्रमात तसेच देत. २०१७ पासून देशभर क्षयाची औषधे रोज देतात. ते पान पाठ करून कोणी वॉर्डात उभे राहिले, तर भोगावे लागेल रुग्णाला.

म्हणून आमचे सांगणे असे: जंतूची ओळख जुन्या पुस्तकातून करून घेतली तरी चालेल, तपासणी आणि औषधोपचार आजचेच वाचा.

मुख्य पुस्तक एकच ठेवा. आधी कॉलेजचा अभ्यासक्रम पाहा, मग ग्रंथालयात दोन-तीन पुस्तके चाळा. अनंतनारायण व पणिकर यांचे पुस्तक १९७८ पासून चालत आले आहे, पण ते मुख्यतः डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नर्सिंगसाठी लिहिलेले पातळ पुस्तक आधी वाचावे, अडले तिथे मोठे उघडावे. या मोठ्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत हिवताप सापडणार नाही. परजीवींचे पुस्तक वेगळे असते.

जुने पुस्तक घेताना क्षयाचे प्रकरण उघडा. सीबीनॅट तपासणी दिली आहे का? औषधे रोज द्यायची असे लिहिले आहे का? नसेल तर पुस्तक स्वस्तात घ्या आणि त्या पानावर पेन्सिलने ‘जुने’ असे लिहून ठेवा.

नवी माहिती फुकट मिळते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना सरकारी संकेतस्थळावर आहेत. हिवतापासाठीही आहेत. व्हिडिओ समजून घेण्यासाठी पाहा, पण त्यातला औषधाचा डोस या सूचनांशी ताडून पाहा. गाइड परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात उजळणीसाठी ठीक. त्याने अभ्यासाची सुरुवात करू नका.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजी शब्दांची धास्ती वाटते. रोज पाच शब्दांचा अर्थ आपल्या भाषेत लिहा. ‘ग्राम पॉझिटिव्ह’ म्हणजे ग्रामच्या पद्धतीने रंगवल्यावर जांभळा दिसणारा जंतू, इतके कळले तरी पुढचे पान सोपे जाते.

सुरुवात वस्तीत दिसणाऱ्या आजारांपासून करा: क्षय, डेंग्यू, कॉलरा, लेप्टो. प्रत्येकासाठी एक पान आणि पाच प्रश्न. जंतू कोणता? पसरतो कसा? नमुना कशाचा घ्यायचा? उपचार काय? टाळायचे कसे? लेप्टोचे पान लिहिताना उंदराच्या लघवीने दूषित झालेले पाणी आणि पायाची उघडी जखम आठवली, की पावसाळ्यातली आपली गल्ली डोळ्यापुढे येते. असे शिकलेले विसरत नाही.

एक मात्र सांभाळा. हा अभ्यास शिकण्यासाठी आहे. घरातल्या कोणाचे औषध वहीवरून सुरू करू नका, बंदही करू नका; ते डॉक्टरांनाच विचारा.