परदेशातील नोकरीचा अर्ज आणि आपण दिलेला अनुभवदाखला

आंतरवासिता संपताच जळगाव, भुसावळ, धुळे परिसरातील तरुण वैद्य आपल्याकडे दाखला मागण्यासाठी येऊ लागतात. पूर्वी हा दाखला बहुधा एखाद्या संस्थेतील नोकरीसाठी असे. आता तो दुबईतील पंचकर्म केंद्रासाठी किंवा जर्मनी, ब्रिटनमधील शिक्षणासाठी आणि त्यानंतरच्या नोकरीसाठी मागितला जातो. लेटरहेडवर सही-शिक्का करून आपण तो देतो. परंतु त्या कागदाचा पुढील प्रवास कसा होतो आणि तो कोणत्या कसोटीवर तपासला जातो, याची माहिती आपल्या व्यवसायबंधूंना फारशी नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम पदवीच्या मोलाविषयी. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची बी.ए.एम.एस. पदवी आणि राज्य परिषदेकडील नोंदणी यांमुळे भारतात चिकित्सेचा अधिकार मिळतो. हा अधिकार विमानात बसून बरोबर जात नाही. अमेरिकेतील कोणतेही राज्य आयुर्वेद वैद्यास चिकित्सक म्हणून परवाना देत नाही. ब्रिटनमध्ये आयुर्वेद व्यवसायाचे वैधानिक नियमन नाही. जर्मनीत आपली पदवी डॉक्टरची म्हणून धरली जात नाही. तेथे १९३९ च्या कायद्यानुसार ‘हाइलप्राक्टिकर’ हा वेगळा परवाना आहे. त्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत ६० प्रश्न असून त्यांपैकी ४५ बरोबर यावे लागतात. त्यानंतर तोंडी परीक्षा होते आणि हे सर्व जर्मन भाषेत असते. प्रश्न आयुर्वेदाचे नसतात. शारीर, विकृतिविज्ञान, संसर्गजन्य रोग आणि कायदा हे त्यांचे विषय. आपल्या विद्यार्थ्याला यातील विषय जड नाहीत, जड आहे ती भाषा. म्हणून जर्मनीचा विचार करणाऱ्याने भाषेचा अभ्यास आंतरवासितेतच सुरू करावा असे माझे मत आहे. स्वित्झर्लंडने २०१५ पासून निसर्गोपचारकाच्या संघीय पदविकेत आयुर्वेद ही स्वतंत्र शाखा मान्य केली आहे, मात्र तेथेही परीक्षा टळत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत परिस्थिती निराळी आहे. तेथील आरोग्य प्राधिकरणे आयुर्वेद व्यावसायिकास परंपरागत व पूरक चिकित्सेच्या वर्गात रीतसर परवाना देतात. आपल्या दाखल्याचे खरे महत्त्व येथेच आहे.

परवान्याच्या अर्जासोबत पदवी, नोंदणी, परिषदेकडील सद्वर्तनाचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. ही कागदपत्रे पाहून ठेवून दिली जात नाहीत. ‘डेटाफ्लो’सारख्या पडताळणी संस्थेमार्फत ती मूळ देणाऱ्याकडेच परत विचारली जातात. विद्यापीठाला विचारणा होते, परिषदेला होते, आणि नशिराबादच्या बाजारपेठेतील चिकित्सालयात बसलेल्या वैद्यालाही होते. अमुक व्यक्ती आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पूर्णवेळ काम करीत होती काय, पद कोणते, सही आपलीच काय, एवढाच प्रश्न असतो. उत्तर न मिळाल्यास अर्ज ‘पडताळणी अशक्य’ म्हणून अडकतो. उत्तर दाखल्याशी विसंगत आले तर प्रकरण खोटे ठरते, आणि तो शेरा उमेदवाराच्या पुढील अर्जांचाही पाठलाग करतो.

आपल्याकडे ओळखीखातर सहा महिन्यांचे दोन वर्षे करून देण्याची रीत आहे. मित्राचा मुलगा, सुनेचा भाऊ, कोणाकोणाला नाही म्हणणार! परंतु त्या मुलाच्या वडिलांनी केळीच्या मळ्यावर कर्ज काढलेले असते. आपल्या औदार्याने त्याचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो आणि आपल्या नोंदणीवरही बालंट येऊ शकते. जेवढा अनुभव तेवढाच लिहावा, हा येथे सद्गुणाचा नव्हे, तर निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे.

दाखला कसा असावा? तो इंग्रजीत असावा. त्यात चिकित्सालयाचा पूर्ण पत्ता, देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, दिनांकासह कालावधी, आठवड्याचे तास आणि पद यांचा स्पष्ट उल्लेख असावा. कामाचे स्वरूप ‘सर्व प्रकारची चिकित्सा’ असे मोघम न लिहिता स्नेहन, स्वेदन, बस्ती, शिरोधारा असे नेमके लिहावे. आंतरवासितेचा काळ अनुभवात मोजू नये. उमेदवाराच्या पासपोर्टवर नावाचे जे रूप आहे तेच दाखल्यात असावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये घालण्याची आणि आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, आणि कितीतरी प्रकरणे एवढ्यावरच रेंगाळतात. ई-मेलचा पत्ता चालू असावा आणि तो कोणीतरी रोज उघडून पाहावा. दाखल्याची स्थळप्रत फाइलला ठेवावी. औषधी दुकानदारांनी आपल्याकडील फार्मासिस्टला दाखला देतानाही हेच पाळावे. डी.फार्म.वर परदेशात फार्मासिस्टची नोकरी मिळेल असा समज त्यांनी करून देऊ नये. अमेरिकेत तर १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांस किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे चार वर्षांचे बी.फार्म.सुद्धा तेथील परीक्षेला अपुरे पडते.

आपल्याच प्रांतातील एक जुना अर्ज येथे आठवतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटींत आपण कदाचित बसणार नाही, हे त्यांनी त्यात स्वतःच मांडले होते. १८८६ मध्ये त्यांना एम.डी. पदवी मिळाली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूकही झाली.

विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांचा मार्ग बहुधा सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन किंवा क्लिनिकल रिसर्च या अभ्यासक्रमांतून जातो. शिक्षण चालू असताना ब्रिटनमध्ये पदवी स्तरावरील विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्याला २० तासच नोकरी करता येते आणि स्वतंत्र व्यवसायाला पूर्ण मनाई आहे. म्हणजे घरी नाडी पाहून किंवा अभ्यंग करून चार पाउंड मिळविणे हा व्हिसाचा भंग होतो. हे पालकांना कोणी सांगत नाही. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. ब्रिटनमधील पदवीनंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांवर येणार आहे. कर्जाच्या हप्त्यांचे गणित याच मुदतीवर बसवावे.

एजंटाकडून नोकरी घेणाऱ्याने त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावी. नोंदणीकृत भरती एजंटास कर वगळता ३०,००० रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

जाणाऱ्याच्या सामानात रसौषधी मात्र घालू नयेत. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. तेव्हापासून या विषयाकडे तेथे संशयानेच पाहिले जाते. सूतशेखर किंवा आरोग्यवर्धिनीची बाटली परक्या मुलखातल्या विमानतळावर समजावून सांगणे नवख्या वैद्याला जमणारे नाही.