धूर कोणत्या बाणाचा?

सिद्धेश्वरांच्या गड्ड्यातील शोभेचे दारूकाम पाहायला दरवर्षी होम मैदानाकडे गर्दी लोटते. दुकान सोडून जाता येत नाही त्यांना नवी पेठेत नुसते आवाज ऐकू येतात. धावत बाहेर यावे तर बाण फुटून गेलेला असतो आणि आकाशात उरतो तो धूर. तो नेमका कोणत्या बाणाचा, हे सांगणे मग अवघड. जानेवारी २०१७ मध्ये, गड्ड्याच्या काही दिवस आधी, खगोलशास्त्रज्ञांपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता. तो सोडवण्यात भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाने मोलाची साक्ष दिली.

आधी बाण म्हणजे काय ते पाहू. एखादा महाकाय तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा प्रचंड झोत सुटतो. हा गॅमा किरण स्फोट. झोतातील द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने भोवतालच्या विरळ वायूवर धडकते. त्या धडकेत वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओलहरी सोडतात. स्फोट विझल्यावरही मागे राहणारी ही आभा म्हणजे पश्चदीप्ती.

दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते हेच क्ष-किरण. मात्र अवकाशातून येणारे क्ष-किरण आपले वातावरण शोषून घेते. त्यामुळे दूरच्या स्फोटांपासून आपल्या प्रकृतीला धोका नाही. पण त्याच कारणाने त्यांच्या निरीक्षणासाठी उपग्रह लागतो. ‘बेप्पोसॅक्स’ या इटली-नेदरलँड्सच्या उपग्रहाने २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाची क्ष-किरण पश्चदीप्ती प्रथम टिपली. तिच्यामुळे स्फोटाची जागा नेमकी कळली आणि हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या खूप पलीकडे होतात, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. ही आभा झपाट्याने मंदावते. म्हणूनच २००४ मध्ये सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह स्फोट दिसताच एक-दोन मिनिटांत आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवतो.

आता २०१७ ची गोष्ट. ४ जानेवारीला अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांना दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या. त्या आल्या असाव्यात अशा आकाशाच्या पट्ट्यात, सुमारे २३ तासांनी, हवाईतील ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला झपाट्याने मंदावणारा एक ठिपका दिसला. ‘स्विफ्ट’ला तिथे क्ष-किरणही सापडले. जागा जुळत होती, वेळही जवळची. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा ठिपका त्याच घटनेचा असता, तर ती समजूत मुळापासून तपासावी लागली असती.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेले ‘सीझेडटीआय’ उपकरण अ‍ॅस्ट्रोसॅटवर आहे. शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण त्याच्या बाजूच्या भिंतींतूनही आत शिरतात, त्यामुळे समोर नसलेला स्फोटही त्याला जाणवतो. गुरुत्वीय लहरी आल्या त्या क्षणी संशयित पट्ट्याचा सुमारे निम्मा भाग त्याच्या नजरेत होता. त्या वेळी तिथे काहीच नव्हते. पण दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, म्हणजे सुमारे वीस तासांनंतर एक गॅमा किरण स्फोट त्याच्या नोंदींत सापडला.

वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तरंगलांबींची निरीक्षणे एकत्र मांडली. निष्कर्ष स्पष्ट होता : तो ठिपका या दुसऱ्या स्फोटाची पश्चदीप्ती होता. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता; एकाच दिशेला दिसणे हा निव्वळ योगायोग.

बातमी मोठी झाली असती. पण ती चुकीची ठरली असती. नोंद वेळेवर नसती, तर कदाचित वर्षानुवर्षे वाद चालला असता. अशा स्फोटांवर सतत नजर ठेवण्यासाठी ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्ताव भारतीय शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

यंदा गड्ड्यात आवाज ऐकून बाहेर याल आणि धूर दिसेल, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. आधी विचारा, मध्ये दुसरा बाण तर फुटला नाही ना?