दाताची साक्ष आणि रक्ताचा गट

शास्त्राच्या ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गातील मी मागच्या बाकावरचा विद्यार्थी. पुढे सारे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. अशा माणसाने दातावरून रक्तगट ओळखण्याचा विषय घ्यावा, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. त्याचे कारण घराजवळचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक गृहस्थ प्रवासास गेले, ते परतलेच नाहीत. काही महिन्यांनी दूरच्या एका गावी सापडलेल्या अस्थींतील दाताची परीक्षा झाली. गट 'बी' निघाला. गृहस्थांचाही गट 'बी'च होता. तेवढ्या आधारावर घरच्यांनी दिवस केले आणि काकूंनी कुंकू पुसले. गट जुळला म्हणजे ते तेच, असे आम्ही सर्वांनी मानले, मीही मानले. त्या मानण्याचा आधार किती होता, हे मला फार उशिरा कळले.

संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. मृत्यूनंतरही तो दीर्घकाळ टिकतो. दातावरचे दंतवल्क, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली दंतिन आणि मध्यभागी रक्तवाहिन्यांनी युक्त असा गर असतो. देह कुजला वा जळला, तरी या कवचाच्या आत काही अंश सुरक्षित राहू शकतो.

व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गट ठरविणारे पदार्थ, म्हणजे प्रतिजन, केवळ तांबड्या पेशींवरच नसतात. ते इतर ऊतींतही असतात. म्हणूनच दाताचा गर आणि दंतिन यांवरून गट शोधता येतो.

रीत अशी. दात स्वच्छ करून त्याची पूड करतात. तीत 'ए' आणि 'बी' यांविरुद्धचे प्रतिपिंड असलेले द्रव निरनिराळ्या नळ्यांत घालतात. ज्याचा प्रतिजन पुडीत असेल, तेवढाच प्रतिपिंड तिला चिकटून राहतो. उरलेला थंड मिठाच्या पाण्याने पुनःपुन्हा धुऊन काढतात. मग सौम्य उष्णता देऊन चिकटलेला प्रतिपिंड सोडवितात आणि त्यात ज्ञात गटाच्या तांबड्या पेशी मिसळतात. पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर तो प्रतिजन दातात होता असे ठरते.

धुण्यात कसूर झाली किंवा जिवाणूंचा संसर्ग झाला, तर उत्तर चुकते. 'ओ' हा निर्णय तर विशेष नाजूक, कारण तेथे 'ए' आणि 'बी' यांचे मौन असते. हे मौन मुळातलेच, की काळाने प्रतिजन नष्ट केल्यामुळे आलेले? म्हणून 'ओ' गटात असणाऱ्या 'एच' प्रतिजनाचीही स्वतंत्र परीक्षा करतात. त्यालाही अपवाद आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत असा गट दाखवून दिला, ज्यात 'एच'ही नसतो. तोच आज 'बॉम्बे' रक्तगट म्हणून जगभर ओळखला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. दात निःसंशय 'ए' गटाचा ठरला आणि हरवलेला मनुष्य 'बी' गटाचा असला, तर तो दात त्याचा नव्हे, असे सांगता येते. परंतु दोघांचे गट जुळले, तर 'तो त्याचा असू शकेल' एवढेच म्हणता येते. आपल्या देशात 'ओ' आणि 'बी' हेच गट सर्वांत अधिक आढळतात. 'बी' गटाची माणसे शंभरात सुमारे तीस भरतात. रक्तगटाची साक्ष नकार देण्यास समर्थ आहे, होकार देण्यास नाही. होकारासाठी दंतवैद्याच्या नोंदी हव्यात, किंवा डीएनएची परीक्षा हवी. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची वाट दाखविली, आणि तो डीएनएही दाताच्या गरातून मिळू शकतो.

शेजारचे गृहस्थ पुढेही परतले नाहीत. त्या अस्थी त्यांच्याच होत्या का, हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आले नाही. काकू आता हयात नाहीत. त्या दिवशी 'एवढ्यावरून ठरत नाही' असे एक वाक्य कोणी त्यांना ऐकविले असते, तर निर्णय निदान त्यांच्या हाती राहिला असता. सुशिक्षित म्हणविणारा मी तेथे उभा होतो आणि गप्प राहिलो.

गुरुजी प्रयोगाची वही तपासताना म्हणत, "दिसले तेवढेच लिही." ते मी तेव्हा गुणांपुरतेच ऐकले होते.