थर्मोस्टॅट काढू नका, बदला

गाडी तापायला लागली की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आपल्याकडच्या हवेत लागतो कशाला?’ हे ठरलेलं उत्तर. ते चूक आहे. इंजिन गार असेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणं, हे या झडपेचं काम. तिच्यातलं मेण साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला वितळून फुगतं आणि झडप उघडते. ती नसेल तर इंजिन तापायला वेळ लागतो, इंधन जास्त जातं, झीजही वाढते.

बदलणं घरी जमतं, पण इंजिन पूर्ण गार हवं; तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. थोडं कूलंट बादलीत काढा (कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, चवीला गोडसर पण विषारी असतं). बऱ्याच गाड्यांत वरच्या होजच्या टोकाशी थर्मोस्टॅटचं घर असतं. बोल्ट काढा, जुनं गॅस्केट अलगद खरवडा, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा नको. नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवून बघा. पाणी उकळण्याआधी उघडायलाच हवा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सुटण्याचं बारीक छिद्र असल्यास वर. बोल्ट आवळताना ताकद दाखवू नका, आटे जातात.

खरी चिकाटी लागते ती हवा काढायला. कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, काट्यावर लक्ष असू द्या. वरचा होज गरम लागला की झडप उघडली. इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. बहुधा उतरलेली असते.