पाणलोट
‘फॉल लाइन’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन. कठीण खडकाची उंच भूमी संपून मऊ मातीचे मैदान लागते, तेथे नद्या धबधब्यांनी उतरतात. ती रेषा भूगोलातली. अमेरिकेतले रिचमंड अशाच रेषेवर वसले. बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूंची ‘फॉल लाइन’ निराळी: सोडलेला चेंडू जिकडून गडगडत जाईल, ती सर्वांत तीव्र उताराची वाट.

या दुसऱ्या अर्थाला आपला ‘पाणलोट’ फार जवळचा. आज तो सरकारी कागदांत ‘क्षेत्रा’पुरता उरला आहे; मुळात, पाणी लोटते तो उतार म्हणजे पाणलोट. जामबागेचा पाणलोट मुसीकडे. मुसी पुढे वाडपल्लीस कृष्णेला मिळते. महाबळेश्वरचे पाणी आणि आपल्या अंगणातले पाणी तेथे भेटते! मात्र उतारावर घरे बांधली म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. १९०८ च्या सप्टेंबरातील महापुराने हैदराबादेत हजारोंचे बळी घेतले. शब्द जपावा तो यासाठी.